मूड आणि धूळपेरणी

बाहेरगावचा पाहुणा चाळीसगावला आला की त्याला छायाचित्रकार केकी मूस यांच्या स्टेशनजवळच्या घरी न्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पाहुणा आधी निलोफरबद्दल विचारतो, छायाचित्रांबद्दल नंतर. गोष्ट गावाला पाठ आहे: मुंबईच्या प्रेयसीने, निलोफरने, येण्याचं वचन दिलं, आणि मूस रोज रात्री मेलच्या वेळेला दारं-खिडक्या उघडून, दोघांचं ताट मांडून वाट पाहू लागले. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले. १९१२ साली जन्मलेला हा माणूस १९८९च्या अखेरीस त्याच घरात गेला.

गोष्ट खरी असो वा सजवलेली, ती लोकांना हवी असते. काळजाला घरं पडल्याशिवाय कला होत नाही, ही समजूत तिच्यामुळे पक्की होते. खानदेशात या समजुतीला खतपाणीही भरपूर. धरणगावला जन्मलेले बालकवी १९१८मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आजही त्यांच्या कवितेआधी त्यांचा मृत्यू सांगितला जातो.

मुळात हा विचार आजचा नाही. क्रौंचवधाच्या शोकातून वाल्मीकींचा पहिला श्लोक आला, ही कथा आपलीच. पण शोक एका क्षणाचा, आणि रामायण सुमारे चोवीस हजार श्लोकांचं. मधल्या मजुरीबद्दल कथा काही बोलत नाही. त्याबद्दल बोलला अकराव्या शतकातला काव्यशास्त्रकार मम्मट. ‘काव्यप्रकाशा’त त्याने काव्याच्या मुळाशी शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, लोक आणि शास्त्र पाहून आलेली निपुणता आणि जाणकारांच्या हाताखालचा अभ्यास, असं तिन्ही मिळून एकच कारण मानलं. विरहाला त्यात वेगळी जागा नाही. मग इंग्रजी रोमँटिक कवितेचं वारं मराठीत आलं आणि अभ्यास हा शब्दच कारकुनी वाटू लागला. कवी म्हटला की व्याकूळ, चित्रकार म्हटला की विक्षिप्त. ‘मूड’ हा पाहुणा तेव्हापासून घरात ठाण मांडून बसला असावा.

मूस यांच्या टेबलटॉप छायाचित्रांकडे थोडा वेळ नीट पाहिलं की मात्र निलोफर मागे पडते. टेबलावर लहानसं दृश्य उभारायचं आणि ते खऱ्या निसर्गासारखं दिसेल असं टिपायचं, हा प्रकार. यातली मेख सावल्यांत असते. दिवा जवळ ठेवला तर सावल्या फाकतात आणि सूर्य खोटा ठरतो. कॅमेरा जवळ असल्याने अगदी थोडंच अंतर स्पष्ट येतं, म्हणून छिद्र बारीक करून फिल्मला जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो. तेवढ्यात काही हललं की सगळं पहिल्यापासून. तिथे प्रेमभंग कामाला येत नाही, दिवा दोन बोटं मागे सरकवणं कामाला येतं. मला तर वाटतं, वाट पाहण्याच्या गोष्टीने या माणसावर थोडा अन्यायच केला. त्याची मेहनत सांगायला कठीण, विरह सांगायला सोपा.

कापूस लावणारा एक मित्र माझ्या लिखाणाच्या तक्रारी ऐकून म्हणाला, ‘‘तुमले मूड लागस, आमले पानी लागस.’’ टोमणा बरोबर बसला, पण तो स्वतः पाण्यासाठी थांबतो कुठे? ढग दिसायच्या आधीच वखरणी झालेली असते, आणि कित्येकदा कोरड्या मातीत धूळपेरणीही. पाऊस लांबला तर बियाणं वाया, दुबार पेरणी. मूड येण्याआधी लिहायला बसण्यातही हा जुगार आहेच. बसलं की पान उतरतंच असं नाही, आणि उतरतंच म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. भावना लिखाणात येते ती बहुधा उशिरा, वाक्यं खोडताना. आधीच भरून आलेलं असलं तर वाक्य ढिलं पडतं, हा माझ्यापुरता अनुभव.

आता बहिणाबाई चौधरी. आसोद्याला १८८०मध्ये जन्म, तरुणपणीच वैधव्य, शेत, जातं, चूल. मूस यांना मिळालेला बंद खोलीचा एकांत त्यांच्या वाट्याला आलाच नाही. मूडचा प्रश्न तर दूरच. दळण थांबत नसे. काम आणि गाणं यांच्यात त्यांच्याकडे भिंत नव्हती, असं आपण कौतुकाने म्हणतो. त्या कौतुकात मला थोडी लबाडी दिसते, कारण भिंत बांधायची सोय त्यांना कोणी दिली नव्हती. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या, १९५१मध्ये त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांनी वही पाहिली, आणि १९५२मध्ये पुस्तक आलं.

म्हणजे मम्मटाच्या हिशेबात एक माणूस राहूनच गेला: शेजारी बसून लिहून घेणारा. आसोद्याच्या आसपास त्या काळी जात्यावर बसणाऱ्या बायका काही थोड्या नव्हत्या. गात सगळ्याच होत्या. कवी मुलगा एकीलाच होता.