दिव्यातील तेल आणि मैत्रीचा हिशेब

मैत्रीत हिशेब नसावा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वचन उदात्त आहे. परंतु ज्याच्या दारी गाडी आहे आणि मिळकत मात्र बेताची आहे, अशा गृहस्थास ते पाळणे दिवसेंदिवस जड होत चालले आहे. २०१० साली पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, २०१७ च्या जूनपासून ते रोज बदलण्याची पद्धत आली आणि २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. इंधन महागले म्हणून मदतीचा हात आखडता घ्यावा काय? आणि न घ्यावा, तर स्वतःच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास कुठवर बाजूला काढावा?

उदाहरणच घेऊ. वसईतील एखाद्या आळीत कर्करोगाचा रुग्ण आहे. किरणोपचारासाठी त्याला आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागते. लोकलच्या गर्दीत उभे राहण्याचे त्राण त्याच्यात नाही. गाडीने जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर होतात. लिटरमागे १५ किलोमीटर आणि लिटरला १०० रुपये धरले, तरी एका खेपेचे ८०० आणि आठवड्याचे ४,००० रुपये झाले. मित्र पहिल्या दिवशी आनंदाने निघतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या घरात कुरबुर सुरू होते. त्याला स्वार्थी म्हणता येईल काय?

आपल्या पूर्वजांपुढे हा पेच अशा रूपाने आला नव्हता. शेतीच्या कामात सावड होती, इर्जिक होती. आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या शेतावर येतो. घेतलेल्या श्रमाची फेड श्रमानेच होत असे आणि दिलेले सारे गावातच फिरत राही. पेट्रोलचे तसे नाही. तो पैसा रोख जातो आणि गावाबाहेर जातो. म्हणूनच आजच्या मदतीत देणाऱ्याचे अंगण हळूहळू रिते होते आणि घेणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. शहाण्या कुमारिकांनी आपले तेल वाटून दिले नाही. तेथील तेल म्हणजे अंतरीची सिद्धता, ती उसनी देता येत नाही, हा अर्थ योग्यच आहे. त्यातून कंजूषपणाला आधार मिळत नाही. कारण त्याच अध्यायाच्या अखेरीस आजाऱ्याची विचारपूस केली की नाही, या कसोटीवर न्याय होतो. संत थॉमस अक्विनास यांचीही शिकवण अशी की, आपल्या व आपल्यावर विसंबून असलेल्यांच्या निर्वाहास जे अत्यावश्यक आहे, ते सहसा देऊ नये. परंतु त्यापलीकडे जे उरते, त्यातून गरजवंताला देणे हे कर्तव्यच होय.

मग उरते ते तारतम्य. मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर तेथे हिशेब काढणे पाप आहे. परंतु रिक्षा मिळत असताना रोज स्टेशनवर सोडण्याची अपेक्षा ही गरज नव्हे, सोय आहे. पहिलीला नकार देता येत नाही. दुसरीला प्रेमाने देता येतो. मात्र तो नकार खरा असावा. ‘गाडी बिघडली आहे’ या थापेने पेट्रोल वाचते, पण विश्वास खर्ची पडतो. ‘मला रोज परवडत नाही, दोन दिवस मी येईन’ असे सांगण्यात कमीपणा कसला?

घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. देणारा संकोचाने बोलत नाही, म्हणून आपण आधी विचारावे. पैसे नसतील, तर निदान जाणीव बोलून दाखवावी. आणि औषधपाण्याने बेजार झालेल्या घराकडून फेडीची वाट कोणी पाहू नये.

उरलेला भार शेजाऱ्यांचा. एकाची गाडी, दुसऱ्याचे पेट्रोल, तिसऱ्याचा दिवस, चौथ्या घरचा डबा, अशी वाटणी झाली, तर आठवड्याचे ४,००० रुपये कोणा एकाच्या चुलीवर पडणार नाहीत. शेतातील सावड संपत आली असली, तरी रस्त्यावरील सावड आपल्याला सुरू करता येईल. मैत्रीत हिशेब नसावा, हे खरेच. पण एकाच्याच खिशातून सारे जात असेल, तर तो हिशेब इतरांनी न सांगता करावा.