शिक्षकाचा अनुभव कोणाच्या मालकीचा?

हायस्कुलांतील शिक्षक एकत्र जमले म्हणजे बहुधा दोन प्रकारचीं बोलणीं चालतात. तरुण शिक्षक विचारतो कीं, गलबल करणारा वर्ग शांत कसा करावा, बीजगणिताची भीति कशी घालवावी, मागच्या बाकावरील मूल बोलतें कसें करावें. सेवानिवृत्तीस आलेला शिक्षक आपल्या तीस वर्षांचा हिशेब मांडतो: किती मुलें पास झालीं, किती मोठ्या हुद्द्यास चढलीं, आणि आपल्या श्रमांचें चीज झालें कीं नाहीं. वरवर पाहतां हे दोन विषय भिन्न दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशीं नीतीचा एकच प्रश्न आहे, तो असा: वर्षानुवर्षें वर्गांत मिळविलेला अनुभव ही शिक्षकाची खाजगी मिळकत आहे काय? ती कोणास न दाखवितां तो घरीं घेऊन गेला, तर त्यांत कोणाची हानि होते?

कोणी म्हणेल, "घाम मीं गाळला, तेव्हां फळही माझेंच." ह्या म्हणण्याची परीक्षा एका जुन्या हकीकतीनें होईल. सन 1789 मध्यें अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रास येथें सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. तेथील एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं त्यांनीं पाहिलीं. ती रीत त्यांनीं आपल्या शाळेंत आणिली, आणि जाणत्या मुलानें नेणत्यास शिकवावें अशी व्यवस्था केली. सन 1797 मध्यें त्यांनीं तिचें वर्णन लंडनमध्यें छापून प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास लंडन येथें जोसेफ लँकेस्टर हेही तशाच रीतीनें गरिबांच्या मुलांस शिकवूं लागले. पुढें ही युक्ति प्रथम कोणाची, ह्यावरून दोघांच्या पक्षांत मोठा वाद माजला, व दोन्ही पक्षांनीं निरनिराळ्या संस्था स्थापिल्या. परंतु ज्या पंतोजीच्या शाळेंत तीं धुळाक्षरें गिरविलीं जात होतीं, त्याचें नांवही त्या वादांत कोणीं घेतलें नाहीं. आपल्या वाडवडिलांनींही धूळपाटीवर अशींच अक्षरें गिरविलीं. तात्पर्य, शिक्षक जिला आपली युक्ति म्हणतो, तिचा मोठा भाग त्यानें दुसऱ्यापासून घेतलेला असतो. घेतांना ज्यानें दाम मोजिले नाहींत, त्यास देतांना हात आंखडण्याचा अधिकार कोठून आला?

दुसरा आक्षेप नम्रतेचा आहे. पुष्कळ चांगले शिक्षक म्हणतात, "सांगण्यासारखें मजजवळ कांहीं नाहीं; मी आपला वर्ग नीट चालवितों, एवढें मला पुरे." पण आपला वर्ग नीट चालला आहे, हें त्यांनीं कशावरून जाणिलें? अमेरिकेंतील मेरी बड रो ह्या विदुषींनीं विज्ञानाच्या अनेक तासांचें ध्वनिमुद्रण करून तें बारकाईनें तपासिलें, व 1974 सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट शिक्षक सरासरीनें सुमारें एकच सेकंद पाहत. तेवढ्यांत उत्तर न आलें तर ते पुढें जात. हाच अवधि तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तेव्हां मुलांचीं उत्तरें अधिक लांब व विचारपूर्वक येऊं लागलीं, आणि एरवीं गप्प बसणारीं मुलें बोलूं लागलीं. ह्याहून मनास लागणारी गोष्ट अशी कीं, हुशार गणलेल्या मुलांसाठीं शिक्षक जास्त वेळ थांबत, आणि मंद गणलेल्यांसाठीं कमी. ज्यास वेळ अधिक हवा, त्यासच तो कमी मिळे. हे शिक्षक दुष्ट नव्हते किंवा आळशीही नव्हते. आपण असें करितों हें त्यांस ठाऊकच नव्हतें.

वाचकहो, ह्या एका सेकंदाचा अर्थ आपल्या घरांत शोधून पाहा. ज्याच्या घराण्यांत हायस्कुलाची पायरी पूर्वीं कोणीं चढली नाहीं, जो घरच्या बोलींत विचार करून मग पुस्तकी भाषेंत शब्द शोधितो, अशा मुलास एक सेकंद कसा पुरावा? तो गप्प बसतो. शिक्षक त्यास मंद समजतो. आणि कांहीं दिवसांनीं तो मुलगाही स्वतःस तसेंच समजूं लागतो. तीस वर्षांच्या हिशेबांत पास झालेल्यांची यादी असते, पण ह्या मुलाचें नांव कोठेंच नसतें. म्हणून ज्यानें आपल्या वर्गाचें दार नेहमीं लावून घेतलें, त्याचा हिशेब प्रामाणिक असूनही खोटा ठरूं शकतो.

ह्यावर उपाय आहे. जपानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली एक रीत आहे. कांहीं शिक्षक मिळून एक पाठ तयार करितात. त्यांतील एक जण तो वर्गांत शिकवितो, आणि बाकीचे भिंतीशीं उभे राहून मुलांकडे लक्ष देतात: कोण कोठें अडलें, कोणाची लेखणी थांबली. मग सर्व जण बसून चर्चा करितात व पाठ सुधारितात. पाठ सर्वांचा, म्हणून त्यांतील दोषही सर्वांचा. प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत ही रीत विशेष रूढ आहे. वरच्या वर्गांत ती कमी आढळते.

अर्थात् दार उघडण्यास भय वाटतें, आणि तें अगदींच निराधार नाहीं. पाहावयास आलेल्यानें दुसऱ्या दिवशीं वरिष्ठांकडे चहाडी केली, तर कोण दार उघडील? म्हणून येथें कर्तव्य दोघांचें आहे. दाखविणाऱ्यानें यशाबरोबर फसलेला पाठही दाखवावा, आणि पाहणाऱ्यानें जें पाहिलें तें मुलांच्या हितासाठींच वापरावें. एका वर्गांत साधलेली युक्ति दुसऱ्या वर्गांत साधेलच असें नाहीं, हेंही दोघांनीं ध्यानांत ठेवावें.

तेव्हां ज्या कोणास शिकविण्याचें काम आहे, मग तें हायस्कूल असो, रात्रीची शाळा असो कीं गांवांतील मुलांचा लहानसा वर्ग असो, त्यानें ह्याच आठवड्यांत एका सोबत्यास घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बसवावें, आणि प्रत्येक प्रश्नानंतर आपण किती थांबतों व कोणासाठीं थांबतों, हें मोजून घ्यावें. मग जें कळेल, तें पुढील शिक्षकास सांगावें.