राख कालवणाऱ्यांनो, इकडे बघा

अहवाल परत घेऊन जा. सगळ्या गटांनी. सोनेरी अक्षरांची मुखपृष्ठं झाली, रंगीत आलेख झाले, आणि प्रत्येकाच्या निष्कर्षात तेच एक वाक्य: टाकाऊ पदार्थ मिसळल्याने काळ्या मातीचं फुगणं लक्षणीय कमी झालं. कशामुळे कमी झालं, असं विचारलं की चौघे चौघांच्या तोंडाकडे बघता.

बगॅसच्या राखेचा गट, तुम्ही आधी उभे राहा. सोलापूरकडची माती, साखर कारखान्याच्या बॉयलरची राख, प्रमाण २० टक्के. मुक्त फुगवटा ८० टक्क्यांवरून ६० वर. आता फळ्याकडे बघा. १० ग्रॅम कोरडी माती, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली. एका नळकांड्यात रॉकेल, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी, २४ तास. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे १० मिलि धरू, पाण्यात १८. झाले ८० टक्के. तुम्ही २० टक्के राख घातलीत, मग त्या १० ग्रॅममध्ये माती उरली किती? आठ ग्रॅम. ती रॉकेलात ८ मिलि, पाण्यात १४.४. उरलेली २ ग्रॅम राख हलकी आणि भुसभुशीत, ती दोन्हीकडे ३-३ मिलि जागा अडवते असं समजा. रॉकेलात ११, पाण्यात १७.४. करा भागाकार. ५८! राखेने काडीचंही काम केलं नाही तरी ५८, आणि तुम्ही ६० वर पेढे वाटायला निघालात. माती सुधारली नाही तुम्ही, फक्त कमी केली. राखेच्या जागी क्रशरची बारीक कच घातली असती तरी आकडा उतरलाच असता. ती घालून एकदा बघावं, असं एकालाही सुचलं नाही?

बरं, ६० तरी कुठे चालतात? रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे मुक्त फुगवटा ५० टक्क्यांच्या वर असेल तर ती माती भरावातसुद्धा घेत नाहीत. तुमची ‘यशस्वी’ माती ठेकेदाराने आणली तर साइटवरचा कनिष्ठ अभियंताही ट्रक परत पाठवेल.

“सर, राखेत सिलिका भरपूर असते.” नदीच्या वाळूतही असते. सिलिका अस्फटिक असेल तरच ती कामाला येते. भट्टी सहाशे-सातशे अंशांवर राहिली तर बरीचशी तशी राहते. त्याहून फार वर गेली की स्फटिक होत जाते आणि निष्क्रिय बनते. कारखान्याचा बॉयलर वाफेसाठी पेटवतात, तुमच्या प्रकल्पासाठी नाही. शिवाय तुमची राख काळीकुट्ट आहे, म्हणजे त्यात न जळालेला कार्बन आहे. किती, ते ज्वलन-घट मोजून कळलं असतं. मफल भट्टी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडली आहे, तिकडे कोणी फिरकलं नाही.

आणि मुळात काळ्या मातीला सिलिकेची वाण आहे का? तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज म्हणजेच सिलिका आणि ॲल्युमिना यांचे थर, आणि त्या थरांच्या मध्ये शिरणारं पाणी. तिला नुसती सिलिका देणं म्हणजे उसाच्या फडात ऊस नेऊन टाकणं. तिला हवा असतो विरघळणारा चुना. तो पडला की कॅल्शियम थरांवरच्या सोडियमची जागा घेतं, कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात, आणि काही तासांत मातीचा चिकटपणा उतरतो. खरी घट्टाई त्यानंतरची. चुन्यामुळे पीएच १२.४ च्या आसपास गेला की मातीतली आणि राखेतली सिलिका-ॲल्युमिना विरघळून चुन्याशी बांधली जाते, आणि सिमेंटसारखी संयुगं हळूहळू बनतात. याला आठवडे लागतात. तुम्ही सकाळी मिसळलंत, दुपारी ठोकलंत, संध्याकाळी मोजलंत. पी हळद आणि हो गोरी!

फ्लाय ॲशवाल्यांनी हसू नये. चंद्रपूर-कोराडीकडची असो की दुसरीकडची, आपल्याकडची बहुतेक फ्लाय ॲश कमी चुन्याची असते. चुना किंवा सिमेंट सोबतीला दिल्याशिवाय ती फारसं काही करत नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांतून ज्यांनी तुसाची राख आणली, त्यांनाही हेच लागू. तुमची सीबीआरची, म्हणजे माती किती भार पेलते त्याची, चाचणी तर न भिजवता केलेली आहे. चार दिवस पाण्यात ठेवायचा साचा तुम्ही कोरडाच दाबलात. जी माती मे महिन्यात भेगाळते आणि जुलैत फुगते, तिची परीक्षा कोरडी घ्यायची?

अंड्याच्या टरफलांचा गट. टरफलांत कॅल्शियम आहे, खरंय. पण ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रासायनिक अर्थाने चुनखडीच. दळून घातलं की चुना होत नाही. भट्टीत भाजून कळीचा चुना करावा लागतो. त्या जातीचे खडे काळ्या मातीत आधीच सापडतात, तरी ती फुगते. हे आठवीच्या पोराला कळतं.

पण सगळ्यात जास्त राग आला तो फॉस्फोजिप्सम आणि चुना एकत्र घालणाऱ्यांचा, कारण बाकीच्यांनी कागदच वाया घालवला, यांच्या सल्ल्याने रस्ता उखडेल. फॉस्फोजिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेट, चुना, मातीतलं ॲल्युमिना आणि पाणी एकत्र आले की एट्रिंगाइट तयार होतं आणि ते फुगतं. अमेरिकेत लास व्हेगासचा स्ट्युअर्ट ॲव्हेन्यू चुना घालून स्थिर केलेल्या मातीवर बांधला होता. मातीतल्या सल्फेटमुळे तो वर उचलला गेला. हंटरचा १९८८ चा लेख त्यावरच आहे. फॉस्फोजिप्सम वापरूच नये असं मी म्हणत नाही. पण सल्फेटचं प्रमाण न मोजता, नमुना महिना-दोन महिने ओला ठेवून न बघता शिफारस लिहिणं हा बेजबाबदारपणा आहे.

तुमच्या पूर्वाभ्यासाच्या प्रकरणात परदेशी नावांची रांग आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींचं नाव एकाही अहवालात नाही. काळ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा थर दिला तर खालचं फुगणं दबतं, हे त्यांनी इथल्याच मातीवर दाखवलं. मुरूम जवळ मिळत असेल तिथे राख कशाला वाहून न्यायची, हा प्रश्न तुमच्या खर्चाच्या तक्त्यात यायला हवा होता. त्या तक्त्यात राखेची किंमत शून्य आणि वाहतूकही शून्य!

आता काय करायचं ते लिहून घ्या. प्रत्येक मिश्रणासोबत त्याच प्रमाणात कच घातलेला नमुना. राखेची ज्वलन-घट. चुना घालून आणि न घालता, ७ आणि २८ दिवसांनी ताकद. भिजवलेला सीबीआर. आणि ओलं-कोरडं करण्याची आवर्तनं, नमुना फुटेपर्यंत. आकडे वाईट आले तर वाईट लिहा, त्याचे गुण मी कापणार नाही. पण एवढं होईपर्यंत कुठल्याच अहवालावर माझी सही मिळणार नाही.