अस्वाद आणि आस्वाद

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी आश्रमातील मंडळींना आठवड्यास एक याप्रमाणे जी पत्रे पाठविली, त्यांत आश्रमाच्या एकेका व्रताचे विवरण आहे. सत्य, अहिंसा व ब्रह्मचर्य या थोर व्रतांच्या पंक्तीस त्यांनी अस्वाद नावाचेही एक व्रत बसविले आहे. अन्न औषधाप्रमाणे घ्यावे. औषध गोड की कडू याची चौकशी आपण करीत नाही, मात्रा तेवढी पाहतो, तद्वत् देहाच्या निर्वाहास लागेल तेवढेच खावे. केवळ रुचीसाठी पानात वरून मीठ घेणे हाही व्रतभंगच होय, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे आहे. योगायोग असा, की ज्या वर्षी येरवड्याहून ही पत्रे जात होती, त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुणे व मुंबई यांच्या दरम्यान ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली. आजही तिला भोजनाचा स्वतंत्र डबा आहे, आणि त्यातील आम्लेट व कटलेट यांच्यासाठी म्हणून तीच गाडी धरणारे प्रवासी आहेत. जिभेविषयीच्या या दोन परस्परविरुद्ध मतांना एकाच शहराचा आश्रय एकाच वर्षी मिळाला.

गांधीजींचे म्हणणे विरक्ताचा अतिरेक म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु जिभेचा गुलाम झालेला मनुष्य ज्याने जवळून पाहिला असेल त्यास ते हसू यावयाचे नाही. शिवाय त्या म्हणण्याला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही जुना आधार सापडतो. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस पाककलेला कला मानावयासच तयार नाही. ती निव्वळ सवयीने अंगी आलेली हातोटी आहे, खुशामतीचा एक प्रकार आहे, आणि वैद्यकाचा वेष घेऊन ती लोकांना फसविते. मुलांच्या न्यायसभेपुढे वैद्य आणि आचारी यांचा तंटा नेला तर वैद्य उपाशी मरेल, असे तो म्हणतो. प्लेटोची तक्रार अशी, की आचारी वैद्याचे सोंग घेतो. गांधीजींची अपेक्षा अशी, की आचाऱ्याने खरोखरीच वैद्य व्हावे. दोघांच्याही विचारात चव ही अन्नाला बाहेरून चिकटविलेली, आणि म्हणून खरवडून टाकता येण्याजोगी वस्तू आहे.

येथेच मला शंका येते. अस्वाद या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. चवीच्या मागे धावू नये, ही एक. आणि आलेल्या चवीकडे लक्ष देऊ नये, ही दुसरी. पहिली संयमाची आहे. दुसरी मात्र संयमाची आहे की उपेक्षेची, हे अन्न कोणी रांधले यावर अवलंबून राहते. आश्रमात स्वयंपाक सामाईक असे व त्याचे श्रम सर्वांच्या वाट्याला येत. दळणे, निवडणे, चूल फुंकणे यांत काय कष्ट आहेत हे तेथील जेवणाऱ्याला ठाऊक होते. अशा मनुष्याने पानावर मौन धरले तर ते त्याच्या व्रताला शोभते. पण ज्याने जन्मात चुलीपुढे बसून पाहिले नाही, अशा गृहस्थाचे मौनही त्याच मोलाचे मानावयाचे काय?

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हे मौन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अन्नाची निंदा करू नये, ही उपनिषदांची आज्ञा आपण मोठ्या निष्ठेने पाळली आणि तिला आपल्या पदरचे एक कलम जोडले: स्तुतीही करू नये. आमटीत मीठ कमी पडले तर भुवई वर चढे. आमटी उत्तम साधली तर वाटी पुढे सरके, एवढेच. यास आपण गांभीर्य म्हणत आलो. ज्या बाईने ती आमटी केली ती शेवटच्या पंक्तीला, उरलेल्यावर बसे, आणि तिच्या वाट्यास आलेला अस्वाद तिने कधी व्रत म्हणून घेतलेला नसे.

साध्या जेवणाची थोरवी गाणाऱ्यांना हे सहसा दिसत नाही. साधे म्हणजे विनासायास, अशी त्यांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. मसाल्याच्या पदार्थात चूक झाकता येते. वरणभातात ती कोठे दडविणार? आमच्या मावळातील इंद्रायणी तांदूळच घ्या. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून हा वाण बाहेर आला. त्याच्या कुळात एका बाजूने सुवासिक आंबेमोहोर, तर दुसऱ्या बाजूने भरघोस पिकणारा आय. आर. आठ. वास मातेचा आणि अंगबळ पित्याचे, असा हा संकर लवकरच घरोघर मान्य झाला. पण तो शिजविणे हे लक्ष देण्याचे काम आहे. नवा तांदूळ असेल तर पाणी हात आखडून घालावे लागते, नाही तर भाताची खीर होते. तोच वर्षभर मुरला की त्याला पाणी अधिक लागते. पोते कोणत्या महिन्यात आले, भांडे कोणते, विस्तव किती, हे सारे रांधणारीच्या हातात असते. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र’ लिहून हजार पाकक्रिया सांगितल्या, कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरे’ने १९७० पासून किती संसारांना हात दिला याची गणती नाही, तथापि या पाण्याचा अंदाज ज्याचा त्यालाच येतो. असा भात, वर पिवळे वरण, तुपाची धार आणि लिंबाची फोड. हे पान पुढे आले असता ‘मी चव पाहत नाही, मात्रा पाहतो’ असे म्हणणारा मनुष्य कोणावर विजय मिळवितो? स्वतःच्या जिभेवर मिळवीत असेल कदाचित. पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तासाभराच्या अवधानाला त्याने किंमत दिली नाही, हे निश्चित.

गीतेतील आहाराच्या तीन प्रकारांचाही येथे विचार करावयास हवा, कारण त्यांचा आधार घेऊन घराबाहेरच्या अन्नाला नावे ठेवण्याची आपल्यात रीत आहे. शिजवून प्रहर लोटला, रस गेला, रात्र उलटली, की ते अन्न तामस ठरते. शास्त्र म्हणून हे ठीक आहे. परंतु पहाटे थापलेली नाचणीची भाकरी, कांदा व ठेचा फडक्यात बांधून भातलावणीला गेलेला शेतकरी ती दुपारी बांधावर बसून खातो. पुणे-लोणावळा लोकलने घोरावाडीहून कामावर जाणारा कामगार पहाटेचा डबा दुपारी एकला उघडतो. या दोघांचे अन्न तामस म्हणावयाचे असेल, तर सात्त्विक आहार ही ज्याच्या घरी दोन्ही वेळा ताजे रांधणारे कोणी आहे त्याचीच मिरास ठरते. शिदोरी या शब्दाला मराठीत जी माया लागली आहे ती पाहता आपल्या भाषेने हा निकाल कधी मनापासून मानला असेल, असे मला वाटत नाही.

प्रवासात खाल्लेले अन्न अधिक रुचकर का लागते, याची कारणे मात्र वाटतात तितकी गूढ नाहीत. भूक लागलेली असते, हे पहिले. भुकेल्याला भाकर आणि पाणीही परम सुख देतात, असे एपिक्यूरस सांगून गेला. त्याचे नाव पुढे चैनीला चिकटले, पण हा गृहस्थ मित्राकडे चीजचे एक मडके मागतो, तेही मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून! दुसरे कारण सक्तीच्या थांब्याचे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली, आणि घाट चढावयाचा तर कर्जतला जादा इंजिने जोडणे भाग पडले. ती जोडली जाईपर्यंत गाडी उभी. त्या मोकळ्या मिनिटांतून कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ती जन्माला आली. तोच वडा घरी तळला तर तितकासा लागत नाही, अशी तक्रार मी कितीकदा ऐकली आहे. लागणार कसा? त्यात अवचित मिळालेला रिकामा वेळ नसतो. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून पुष्कळ प्रवासी घाट केव्हा संपला हेही जाणत नाहीत. ते प्रशस्त भोजनगृहांशी थांबतात खरे, पण मनाला येईल तेव्हा थांबतात, आणि मला वाटते त्यामुळेच खाताना त्यांची दृष्टी घड्याळावर असते.

तथापि घराबाहेरच्या खाण्यात रुचीपेक्षा मोठी अशी एक गोष्ट आहे, आणि घरच्या अन्नाची पवित्रता सांगणाऱ्यांनी ती विसरता कामा नये. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्यांत रानडे होते, टिळक होते. चहाचा घोट आणि बिस्किटाचा तुकडा, एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले, धर्मपीठापर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वेच्या फलाटांवर हिंदूंचे पाणी निराळे व मुसलमानांचे निराळे असे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना केवळ पाण्याला शिवल्यावरून मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना साह्य करून चहाचे दुकान घालून दिले व स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. त्या चहाची चव कशी होती, हा प्रश्न गौण आहे असे कोणी म्हणेल. मला तो गौण वाटत नाही. महाराजांनी तो औषधासारखा, नाक मुठीत धरून घेतला असता, तर त्या कृतीतील सारा अर्थच नाहीसा झाला असता. ज्याच्या हातचे खावयाचे त्याच्या हाताला रुची आहे असे कबूल करणे, ही समतेची पहिली कबुली आहे. आणि ती घराच्या सोवळ्यात नव्हे, तर पैसे टाकून कोणालाही बसता येते अशा बाकावर प्रथम शक्य झाली.

पण बाकाचा गुण तोच त्याचा दोषही आहे. घरी आपण स्तुती करीत नाही आणि निंदाही जपूनच करतो. हॉटेलात पैसे मोजले, की निंदेचा परवाना मिळाल्यासारखे वागतो. ऋण फिटले अशी भावना होते. जुन्या मुंबई रस्त्याने तळेगावाकडून लोणावळ्यास जाताना अलीकडे ‘घरगुती जेवण’, ‘चुलीवरची भाकरी’, ‘चुलीवरचे मटण’ असे फलक दिसतात. शहरातला मनुष्य स्वतःच्या घरात गॅसवर शिजलेले मुकाट्याने गिळतो आणि सुटीच्या दिवशी मोटारीने तीस मैलांवर येऊन ‘घरगुती’ विकत घेतो, यात गंमत आहे. पण गंमतीहून अधिकही काही आहे. ज्या चुलीच्या धुरातून आपल्या घरची बाई सुटावी म्हणून मावळातला शेतकरी गॅसच्या टाकीसाठी पैसे साठवितो, त्याच धुरापुढे कोणाची तरी बायको गिऱ्हाईकांच्या रुचीसाठी दिवसभर बसते. भाकरीला खरपूस वास येतो हे खोटे नव्हे; मी ती आवडीने खाल्ली आहे. तो वास कोणाच्या डोळ्यांतून येतो, हे विचारावयास मात्र फलकावर जागा नसते. ती खाऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण गिऱ्हाईक उठून गेल्याने त्या बाईची मजुरी जाईल, धूर तेवढा राहील. तिला मजुरी काय मिळते आणि धुराड्याची सोय आहे की नाही, एवढे विचारणे मात्र अशक्य नाही.

घोरावाडी स्थानकाजवळच्या डोंगरावर घोरावडेश्वराची लेणी आहेत. महाशिवरात्रीला तेथे गर्दी लोटते, पण मुळात ती बौद्ध भिक्षूंची वसतिस्थाने. तेथील एका शिलालेखात, धेनुकाकटात राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने आपल्या मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. या गुंफांतून राहणाऱ्यांचे अन्न घरचेही नव्हते आणि विकतचेही नव्हते. खालच्या गावांतून पात्रात पडेल ते खावयाचे. त्यांच्या विनयाच्या नियमांत या विषयासंबंधी मोठी बारीक नजर दिसते. आजारी नसताना स्वतःसाठी वरण किंवा भात मागू नये, असा एक नियम आहे. तो अस्वादाचाच म्हणावयाचा. पण त्याच्याच शेजारी, भिक्षा आदराने स्वीकारावी, आदराने खावी आणि खाताना दृष्टी आपल्या पात्रात ठेवावी, असेही नियम आहेत. मागण्याला बंदी, लक्ष देण्याची सक्ती. आणखीही एक आहे: अधिक मिळावे या इच्छेने वरण भाताखाली झाकू नये. गुन्हा घडल्यावाचून नियम होत नसतात. तेव्हा कोणा एका भिक्षूने, कोणत्या तरी गावच्या बाईचे वरण फार चांगले साधले होते म्हणून, ते भाताखाली दडवून पात्र पुन्हा पुढे केले असलेच पाहिजे.