बाउत्सेनचा कठडा

ड्रेस्डेनहून पोलंडच्या हद्दीकडे निघालं की साठेक किलोमीटरवर बाउत्सेन लागतं. जर्मनीत मोटारसायकल घेऊन फिरणारे लोक सहसा इकडे वळत नाहीत. त्यांना आल्प्सचे घाट हवे असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी थांबलो तो पावसामुळे. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावलेली गाडी ओल्या दगडी फरसबंदीवरून हाकायची माझ्या वयाला हौस उरलेली नाही.

गाव श्प्रे नदीच्या काठावर, उंच खडकावर वसलंय. जिकडे पाहावं तिकडे बुरूज आणि मनोरे, त्यातला एक चांगलाच कललेला. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, कारण सोर्ब हा स्लाव्ह समाज इथे शतकानुशतकं राहतो; त्यांच्या भाषेत गावाचं नाव बुदिशिन. बाकी जर्मनांना हे गाव माहीत आहे ते इथल्या मस्टर्डमुळे आणि तुरुंगामुळे. साम्यवादी राजवटीत राजकीय कैद्यांना इथेच डांबत.

मी मात्र अडकलो सेंट पीटरच्या चर्चमध्ये. बूट घालूनच देवाच्या दारात शिरायची सवय मला अजून झालेली नाही, पण ते असो. आत गेल्यावर आधी जाणवतं की वास्तू सरळ रेषेत नाही. वेदीकडे जाता जाता ती वाकते. मग मध्येच एक कठडा आडवा येतो. कठड्याच्या अलीकडचं मोठं दालन कॅथलिक पंथातून फुटलेल्या ल्यूथरच्या अनुयायांचं, पलीकडचा वेदीकडचा भाग कॅथलिकांचा. वेदी दोन, ऑर्गनही दोन. 1524 पासून हे असंच चाललंय.

कारण साधं आहे. गाव ल्यूथरच्या बाजूला गेलं, पण चर्च ज्यांच्या ताब्यात होतं ते धर्मगुरूंचं मंडळ कॅथलिकच राहिलं. वरचा राजा बोहेमियाचा, आणि 1526 पासून तोही कट्टर कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्यातला. गावाला धर्मगुरूंना हाकलता येईना, धर्मगुरूंना गाव परत वळवता येईना. 1635 मध्ये हा मुलूख सॅक्सनीच्या ल्यूथरपंथी शासकाकडे गेला, तोही इथल्या कॅथलिक संस्थांना हात लावायचा नाही या अटीवर.

माझी उभी हयात कराडच्या कोर्टात भाऊबंदकीचे दावे लढवण्यात गेली. त्यात सगळ्यात चिवट दावा असतो सामायिक विहिरीचा. भावाभावांत बोलणं नसतं, एकाच्या लग्नाला दुसरा जात नाही, पण सोमवार-मंगळवार थोरल्याचं पाणी आणि बुधवार-गुरुवार धाकट्याचं हे ठरलं की दोघांचाही ऊस उभा राहतो. बाउत्सेनमध्ये तेच झालं. कुणी कुणाला मिठी मारली नाही. वेळा वाटून घेतल्या.

पण विहिरीत पाणी असतं, इथे प्रश्न देवाचा होता. मतभेद किरकोळ नव्हते. कॅथलिक मानतो की मिस्सात, म्हणजे त्याच्या मुख्य उपासनेत, अर्पण होताना भाकर भाकर राहत नाही, ती ख्रिस्ताचं शरीर होते. ल्यूथर म्हणाला, ख्रिस्त तिथे आहे हे खरं, पण भाकरही भाकरच राहते, आणि मिस्सा म्हणजे देवाला चढवलेलं बलिदान तर मुळीच नव्हे. एकाची परम पूजा ती दुसऱ्याच्या लेखी मूर्तिपूजा. याच भांडणातून पेटलेल्या 1618 ते 1648 च्या युद्धाने, त्यात राजकारणही भरपूर होतं, जर्मन मुलूख उद्ध्वस्त केला. बाउत्सेनही 1634 मध्ये जळलं. वहिवाट टिकली.

समोरच्याची पूजा खोटी आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याने तिला आपल्याच छपराखाली जागा द्यावी का? मी वारकरी घरातला. देव एक, वाटा अनेक, हे ऐकतच वाढलो. त्या वाक्यावर माझा हल्ली थोडा राग आहे. ते बोलणारा दुसऱ्याला विचारत नाही, 'बाबा रे, तुझं आणि माझं एकच, हे तुला मान्य आहे का?' सगळे सारखेच म्हटलं की दुसऱ्याचं वेगळेपण सहन करायची वेळच येत नाही. ते आधीच पुसून टाकलेलं असतं. बाउत्सेनच्या लोकांनी असं काही पुसलं नाही. तू चुकतोयस, असं एकमेकांना सांगत त्यांनी एकमेकांची वेळ पाळली. मला हे अधिक अवघड वाटतं आणि अधिक प्रामाणिकही.

याला गोडवा चढवायचं मात्र कारण नाही. कठडा पूर्वी माणसाच्या दुपटीहून उंच होता; शेजाऱ्याचं तोंडसुद्धा दिसू नये अशी सोय. शिवाय हा तह दोन बलवानांचा. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा म्हणणाऱ्यांचा त्या काळात कॅथलिकांनी छळ केला आणि ल्यूथरपंथीयांनीही. त्यांना कुणी वेळ वाटून दिली नाही. ज्यांच्याकडे ना राजा ना मालमत्ता, त्यांच्यासाठी धर्म काय करतो, या प्रश्नाला बाउत्सेनकडे उत्तर नाही.

कठड्याची उंची उतरवली गेली ती 1950 च्या दशकात, देव न मानणाऱ्या सरकारच्या राज्यात. आता तो जेमतेम कंबरेइतका आहे. काढून मात्र टाकलेला नाही, आणि हेच मला आवडलं. दाराशी टेबल मांडून बसलेल्या आजी ल्यूथरपंथी होत्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं, दोन्ही बेताचं. पलीकडे जाता का, असं विचारलं.

"मिस्साला जाऊन बसते की," त्या म्हणाल्या. "प्रभुभोजन मात्र इकडेच घेते."

वाईट वाटतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वाटतं. पण न पटलेलं पटलंय असं कसं सांगू?"

2024 मध्ये या वहिवाटीला 500 वर्षं पूर्ण झाली. मी लिहून दिलेलं एकही वाटपपत्र तीन पिढ्यांपलीकडे टिकणार नाही.