डोळ्यात पडलेले फूल

पहिलीच्या मुलांना मी उर्दूचे हर्फ शिकवते. 'ऐन' या हर्फाशेजारी कायद्याच्या पुस्तकात ऐनकेचे, म्हणजे चष्म्याचे चित्र असते. अरबीत 'ऐन' म्हणजे डोळा आणि झराही. मुलांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते.

त्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईच्या उजव्या डोळ्यात फूल पडले आहे. भात झोडताना कुसळ उडून डोळ्यात गेले. पहिल्या दिवशी गुलाबपाणी झाले, दुसऱ्या दिवशी सुरमा, तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब. लाली उतरली, ठणका कमी झाला, घरच्यांनी शुक्र अदा केला. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. कुसळाबरोबर बुरशी आत गेली होती. स्टेरॉइडने लाली दाबली आणि बुरशीला रान मोकळे करून दिले. डॉक्टरांकडे नेले तोवर बुबुळावर पांढरा डाग धरला होता. आता बुबुळ बदलण्यासाठी तिचा नंबर लावला आहे.

नंबर लावायला आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी ओळख काढून दिली. मी सहज म्हटले, "चाचा, आपल्यातूनही कोणी नेत्रदान करायला हवे." ते गंभीर झाले. म्हणाले, "बेटी, डोळे अल्लाहची अमानत आहेत. मय्यताला हात लावण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?" मला यात ढोंग दिसले नाही. ती बाई बरी व्हावी असे त्यांना मनापासून वाटत होते. पण घेणे जायज आणि देणे नाजायज, हा हिशोब माझ्या डोक्यात बसेना.

उलेमांमध्ये यावर एकमत नाही. इस्लामी देशांच्या फिकह अकादमीने 1988 साली जेद्दा येथे अटी घालून मृताच्या अवयवदानाला परवानगी दिली; आपल्या उपखंडातले अनेक मुफ्ती ती मानत नाहीत. मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नव्हे. पण श्रीलंकेहून आलेली हजारो बुबुळे पाकिस्तानातल्या मुसलमानांना बसवली गेली आहेत, आणि देणारे बहुतेक बौद्ध. त्याच पाकिस्तानात 8 जुलै 2016 रोजी अब्दुल सत्तार एधी वारले, तेव्हा त्यांची बुबुळे दोघांना बसवली. त्यांनी तशी इच्छाच सांगून ठेवली होती.

मात्र चाचांचा शब्द मी सोडून देऊ शकत नाही. अमानतच म्हणायची, तर ती मय्यतीच्या वेळीच का आठवावी? कुसळ गेले त्या दिवशी ती अमानत नव्हती का? 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या आंधळेपणाचे पहिले कारण बुबुळावरचा डाग हेच निघाले, 37.5 टक्के. ही कमावत्या हातांची, लेकुरवाळ्या बायांची माणसे. आणि उपाय किती साधा! नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांनी डोळा खरचटलेल्यांना तीन दिवस जंतुनाशक मलम लावले. 18 तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. हे 2001 साली छापून आले आहे. आमच्या बाईचे ते 18 तास गुलाबपाण्यात गेले. शेजारी आम्ही सगळे होतो, शिकलेली मीसुद्धा. सुरम्याची डबी तर आमच्याच घरातून गेली होती.

आता झोडणीच्या दिवसांत मी मुलांच्या वहीत लिहून देते: डोळ्यात काही गेले तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना. काही पालक हसतात. एकाने विचारले, "टीचर, तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

नेत्रदानाचा अर्ज माझ्या कपाटात पडून आहे. भरला आहे, पण घरात बोललेले नाही. मरणानंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळ काढावे लागते, आणि घरच्यांनीच फोन करावा लागतो. आमच्याकडे त्याच सहा तासांत गुस्ल, कफन आणि जनाजा उचलण्याची घाई असते. साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी आहे. तिथे चाचांची सही मागावी, असे परवापासून मनात येते आहे.