पाचवे कारण

गॅसच्या स्फोटात घर कोसळले की दोन प्रश्न उभे राहतात. गळती कुठून झाली, हा पहिला. ती याच घरात, याच माणसांच्या वाट्याला का आली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शोधायला महिने लागतात. दुसऱ्याचे उत्तर शेजारीपाजारी तासाभरात देऊन मोकळे होतात: भोग, नशीब, देवाची करणी. अडचण अशी, की दुसरे उत्तर एकदा स्वीकारले की पहिला प्रश्न धसाला लावणारे फार थोडे उरतात.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार किंवा जागा, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि दैव. दैवाला तिथे स्थान आहे, पण ते पाचवे. आधीच्या चारांचा हिशेब न मांडता थेट पाचव्यावर जाणे हा गीतेचा मार्ग म्हणता येत नाही.

आंध्र प्रदेशातील नगरम गावात 27 जून 2014 रोजी पहाटे गेल कंपनीची 18 इंची वायुवाहिनी फुटली आणि वीसहून अधिक माणसे जळून मेली. साठलेल्या वायूला चहाच्या दुकानातल्या शेगडीची ठिणगी मिळाली, असे तेव्हा सांगितले गेले. लोकांच्या तोंडी ती ठिणगीच राहिली. चौकशीत निघाले ते निराळे. वाहिनी कोरड्या वायूसाठी होती, तिच्यातून ओलसर वायू वाहत होता, पाणी काढून टाकणारी यंत्रणा बसवलेली नव्हती, आणि नळाचे पोलाद आतून गंजत गेले होते. पाच कारणांच्या भाषेत मांडायचे तर घरांना खेटून गेलेली जमीन हे अधिष्ठान, गंजलेला नळ हे करण, ओला वायू सोडत राहणे ही चेष्टा. दैवाच्या वाट्याला फार तर एवढेच उरते, की ठिणगी त्या पहाटे पडली, आदल्या दिवशी पडली नाही.

कर्ता कोण, हा यातला अवघड भाग. ज्याने शेगडी पेटवली तो रोजचेच काम करत होता. यंत्रणा न बसवण्याचा निर्णय अनेक टेबलांवरून गेला, आणि प्रत्येक टेबलाला आपला वाटा किरकोळ वाटला. मार्च 2025 मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेला रस्त्याच्या खोदकामात जेसीबीचा धक्का लागून गॅसवाहिनी फुटली, आग भडकली आणि रस्त्याने जाणारे भाजले. तिथेही चालक, ठेकेदार, खोदाईला परवानगी देणारे, नळाचे मालक अशी रांगच उभी राहते. एकट्या स्वतःला कर्ता समजणारा अज्ञानी, असे गीता त्याच अध्यायात पुढे म्हणते. अहंकार उतरवण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट जबाबदारी झटकायला फार सोयीची पडते. कारणे पाच असली म्हणून त्यातले एकही रद्द होत नाही.

कर्मविपाकाची, म्हणजे पूर्वकर्माचे फळ भोगण्याच्या कल्पनेची, अडचण वेगळी. मेलेल्याने पूर्वजन्मी काही केले असेल, हे विधान तपासता येत नाही; आणि ते खरे धरले तरी नळ गंजू देणाऱ्याचे आजचे कर्म त्याने पुसले जात नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हे दोन्ही एकाच प्रकरणात घेतले, ते उगाच नव्हे.

भारतीय कायद्याने हा वाद आपल्यापुरता मिटवला आहे. इंग्लंडमधील 1868 च्या निकालाने धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर जबाबदारी टाकली, पण पुढे तिला दैवी आपत्तीसारखे अपवाद मानले गेले. दिल्लीतील 1985 च्या वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये धोकादायक उद्योगांपुरते हे अपवाद काढून टाकले. न्यायालयात तरी पाचवे कारण बचावाला येत नाही.

हा प्रश्न आता इथे गोव्यातही दाराशी आला आहे: उत्तर गोव्यात पाइपचा गॅस घरोघर पोचू लागला आहे. मोपाच्या सड्यावरील विमानतळावर 2023 च्या जानेवारीत विमाने उतरू लागली तशी पेडण्याच्या जांभ्या जमिनीत खोदाईही वाढली. गावाच्या सीमेवर राखणदार फिरतो, ही इथली श्रद्धा. पण राखणदाराशीही करार असतो: वर्षाचा मान द्यायचा, गाऱ्हाणे घालायचे, सीमा सांभाळायची. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे धोंड आधी व्रत पाळतात, उपवास करतात. तयारीशिवाय आगीत पाऊल टाकू नये, हे त्या श्रद्धेतच आहे. स्वयंपाकघरात आलेल्या आगीसाठी मात्र कुणी व्रत घेत नाही. वास आला तर विजेचे बटण न दाबता खिडक्या उघडायच्या, एवढेही अनेक घरांत ठाऊक नसते.

लईराईच्या याच जत्रेत 3 मे 2025 रोजी पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. देवीची इच्छा म्हणून ते प्रकरण मिटले नाही. सरकारने चौकशी समिती नेमली आणि उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांसह पोलीस अधीक्षकांची बदली केली.